सुरू होतानाची एक ओळ

मंगळवार, ३ फेब्रु.

पिंपळगावहून आत्ता आले. दोनदा हात धुतले तरी द्राक्षांच्या पेटीतल्या गंधकाचा वास जात नाही.

तिथल्या कोल्ड स्टोरेजमध्ये डिसेंबरात मी बसवलेला कंट्रोलचा डबा काल दुपारी अडकला. कॉम्प्रेसर चालू असतानाच अडकला, त्यामुळे त्याला थांब म्हणणारं कोणी उरलं नाही. दोन नंबरच्या खोलीत उणे साडेतीन अंश. निर्यातीचा माल. मणी काचेसारखे झालेले, देठ काळे.

आणि पडद्यावर काय? ०.५. तसंच्या तसं. डबा एक वाजून सात मिनिटांनी अडकला आणि पडद्यावर शेवटचा आकडा तेवढा राहिला. ऑपरेटर दौलतमामा दर तासाला पडदा बघून रजिस्टरमध्ये आकडा लिहितात, पुढे सही करतात. दोन वाजता ०.५, तीनला ०.५, चारला, पाचला. चार सह्या. मालक अण्णा म्हणतात, हा माणूस झोपला होता आणि उठून एकदम चार ओळी भरल्या. मामांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं फक्त.

पडद्यावर घड्याळ आहे, पण कोपऱ्यात, बारीक. मीच तसं ठेवलं होतं. म्हणे सुटसुटीत दिसतं.

त्याच दिवशी, रात्री

दुपारचं नीट लिहून ठेवते. कारण सापडलं असं वाटतंय. या नव्या बॅचच्या बोर्डाला काम नसलं की ते फार खोल झोपतं आणि कधीतरी उठतच नाही. उपाय एका ओळीचा. डबा सुरू होताना त्याच्या कर्नलला, म्हणजे आतल्या मूळ प्रोग्रामला, ज्या सूचना द्यायच्या असतात, त्यात शेवटी एक वाढवायची:

processor.max_cstate=1

म्हणजे डुलकी घे, पण गाढ झोपू नकोस. दारातून बाहेर पडणाऱ्याला ‘येताना दूध आण’ म्हणतात, तसं आहे हे. निघतानाच सांगायचं, नंतर सांगून ऐकत नाही.

माझा कीबोर्ड जोडला, डबा सुरू करताना मेनूत थांबवला, ओळ हाताने टाकली. डबा उठला. मग तीच ओळ फाइलमध्येही लिहिली, म्हणजे पुढच्या वेळी हाताने टाकायला नको. ‘झालं’ असं त्यानं दाखवलं. ऑफिसात सरांना फोन करून सांगितलं, झालं.

मामांनी चहा दिला. निघताना म्हणाले, “ताई, मी बघूनच लिव्हलं होतं.”

मी म्हटलं, हो मामा. पण अण्णा पलीकडेच उभे होते, त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं नाही.

बुध., ४ फेब्रु.

सरांशी बोलले. डबा अडकला होता, माणसाची चूक नव्हती, हे अण्णांना पत्रानं कळवू या म्हटलं. सर म्हणाले, सीझन संपू दे. अशा बॅचचे सहा डबे बाहेर आहेत, एकाला कबूल केलं की सहाही जण दारात. आणि ऑपरेटरला काही शिक्षा झाली आहे का? नाही ना? मग.

शिक्षा झालेली नाही हे खरं. अण्णा मामांना एवढंच म्हणालेत की सीझन संपला की बघू. एकोणतीस वर्षं तिथं काढलेल्या माणसाला ‘बघू’ म्हणजे काय, ते सरांना कळत नसेल असं नाही.

मी गप्प बसले. पगार घेते ना.

शुक्र., ६ फेब्रु.

आज घरातून निघाल्यावर जिन्यातून दोनदा परत. गॅस. मग कुलूप. प्रकाश खाली गाडी सुरू करून उभा. म्हणाला, “कुलूप मी लावलंय. तू फक्त चालत राहा.” लग्नाला सतरा वर्षं झाली, नवरा हे वाक्य रोज न रागावता म्हणतो, हेच विशेष.

पिंपळगावचा फोन नाही. म्हणजे चाललंय.

रवि., ८ फेब्रु.

दौ.मामांना मीच फोन केला. डबा बरा आहे. त्यांनी खोलीच्या आत काचेचा थर्मामीटर टांगलाय, सुतळीनं, दारातल्या झरोक्यातून दिसेल असा. पडदा बघतात आणि मग तोही बघतात.

“तुमच्या डब्यावर इस्वास नाय असं नाय,” म्हणाले. “पन काच खोटं बोलत नाय ना.”

वाईट वाटलं. मग बरं वाटलं. मग पुन्हा वाईट.

बुध., ११ फेब्रु.

 लिहून काढते, म्हणजे डोक्यात फिरायचं तरी थांबेल.

आज नवा डबा तयार करत होते. समोर भिंतीवर माझ्याच अक्षरातला कागद आहे, कामाचे टप्पे लिहिलेला. पहिलाच टप्पा: डिस्क लिहिण्यासाठी उघडणे.

आपल्याकडे वीज कधी जाईल नेम नाही. जाताना डिस्कवर अर्धवट काही लिहिलं जाऊन डबा बिघडू नये म्हणून मी प्रत्येक डब्याची डिस्क बंद करून ठेवते. चालू असताना काहीही लिहा, ते वरवर दिसतं, पण मुरत नाही. वीज गेली की पुसलं. मुद्दाम लिहायचं तर आधी डिस्क उघडावी लागते. ही माझीच युक्ती. सरांनी त्याबद्दल सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं.

तीन तारखेला पिं.ला मी डिस्क उघडली होती का?

आठवत नाही. कीबोर्ड जोडलेला आठवतो, मेनू आठवतो, फाइल उघडलेली आठवते. अण्णा मागे उभे होते आणि म्हणत होते किती वेळ, किती वेळ. त्याच्या आधीचं काही आठवत नाही.

उघडली नसेल तर ती ओळ फक्त आत्तापुरती आहे. डबा बंद होऊन पुन्हा सुरू झाला की गेली. पालथ्या घड्यावर पाणी. आणि तो पुन्हा सुरू कधी होणार हे मला पक्कं माहीत आहे. मंगळवारी अमावास्या. त्या दिवशी बाजार समितीत लिलाव नसतात, माल येत नाही, म्हणून कोल्ड स्टोरेजवाले सगळं यंत्र दीड तास बंद करतात. जाळ्या धुतात, तेल बघतात, कॉम्प्रेसरपुढे नारळ फोडतात आणि पुन्हा सुरू करतात. एरवी सीझनमध्ये चालतं यंत्र मामा कोणाला बंद करू देत नाहीत.

पुन्हा अडकला तर? खोली पुन्हा गोठणार आणि रजिस्टरवर सही पुन्हा मामांचीच.

गुरु., १२ फेब्रु.

उपाय सुचला! पडद्यावर ‘माहिती’ नावाचं बटण आहे, ते दाबलं की डबा कुठल्या ओळीनं सुरू झाला ते दिसतं. मामांना फोन लावला. म्हटलं, सहज, नोंद ठेवायची आहे, शेवटचा शब्द वाचता का.

मामांची इंग्रजी बेताची. एकेक अक्षर वाचलं. पी, आर, ओ. मध्ये कोणीतरी आलं, त्याला थांब म्हणाले, मग पुन्हा पहिल्यापासून पी. शेवटी, “आन बरोबरच्या चिन्हाफुडं एक.”

आहे! ओळ आहे. संध्याकाळी प्रकाशला म्हटलं, बाहेर जेवू या. मिसळ खाल्ली, तर्री वाढवून.

शुक्र., १३ फेब्रु.

मूर्ख आहे मी. ‘माहिती’त दिसणारच. त्या दिवशी मीच हाताने टाकून डबा सुरू केला, तोच अजून चालू आहे. फाइल वाचून घेतली असती तरी तिच्यातही दिसलीच असती, वरवरची. डिस्कवर मुरली की नाही हे यानं कळत नाही. तिथं बसून आतली डिस्क तपासायला हवी, नाहीतर बंद करून सुरू करून बघायला हवं. त्या डब्याला इंटरनेट नाही. अण्णांनीच नको म्हटलं होतं.

मी बनवलेल्या गोष्टीनंच मला बनवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

सरांना सांगितलं, खरं खरं. डिस्क उघडली की नाही आठवत नाही, जाऊन बघते.  सर म्हणाले, “तू तिकडे गेलीस की अण्णा विचारणार, का आलात. काय सांगणार आहेस?”

खरं ते.

“म्हणूनच जाऊ नकोस.”

दहा दिवस अडकला नाही ना, मग पुढेही नाही अडकणार, असं त्यांचं म्हणणं. पण डिसेंबरात बसवल्यापासून दोन महिने ओळ नसतानाही तो अडकला नव्हता. दहा दिवसांनी काय सिद्ध होतं? काही नाही.

शनि., १४ फेब्रु.

द्वारका चौकापर्यंत गेले, बस थांबतात तिथं. पिं.ची बस समोर उभी होती, जागाही होती. कंडक्टरनं विचारलंसुद्धा, यायचंय का. नाही म्हटलं. परत आले. येताना कोथिंबीर घेतली, म्हणजे कशाला गेले होते त्याचं घरी उत्तर तयार.

प्रकाशनं विचारलंच नाही.

रवि., १५ फेब्रु. महाशिवरात्र

उपास. साबुदाण्याची खिचडी जमली होती, तशीच झाकून ठेवली. शेवटी प्रकाशला सगळं सांगितलं. तो शाळेत गणित शिकवतो, त्याला वाटतं प्रत्येक गोष्टीची मांडणी करता येते. म्हणाला, तुला भीती नक्की कशाची वाटते? डबा अडकण्याची, की तुझं चुकलं हे कळण्याची?

दोन्हीची, म्हटलं.

म्हणाला, नाही, एकीची जास्त.

मला राग आला. भांडी मोठ्यानं घासली. पण त्याचं बरोबर आहे. तीन तारखेला मी अण्णांसमोर मोठ्यानं बोलले असते, मामा बघूनच लिहीत होते, माझा पडदा थांबला होता, तर ही टांगती तलवार माझ्यावरच राहिली असती. मी ती मामांवर राहू दिली. डिस्कचं विसरले ते विसरले, ती चूक झाली. पण हे मी विसरले नव्हते.

सोम., १६ फेब्रु.

उद्याची रजा टाकली. कारण: घरगुती. सरांनी सही केली, वर बघितलं नाही. त्यांना कळलंय.

पिशवी भरली. कीबोर्ड, पेनड्राइव्ह, पोळीभाजी. पेनड्राइव्ह पिशवीत आहे हे चारदा बघितलं.

मंगळ., १७ फेब्रु. अमावास्या

सगळं लिहायचंय, हात दुखेपर्यंत.

सातच्या बसनं निघाले. मामा नऊला यंत्र बंद करतात, त्याआधी पोचायचं, शांतपणे आतली डिस्क बघायची, ओळ नसेल तर लिहायची, कोणाला कळायच्या आत घरी. हो, असंच ठरवलं होतं. रविवारी एवढं लिहूनसुद्धा.

ओझरपाशी ट्रक आडवा झालेला. तिथं पाऊण तास गेला. पोचले तेव्हा आवारात शांतता. कॉम्प्रेसरचा आवाज नाही. मामांनी आज लवकरच बंद केलं होतं, जाळ्या फार चोंदल्या म्हणून. पाण्याचा पाइप हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मला बघून आश्चर्य नाही वाटलं त्यांना. “या ताई. नारळाला बरोब्बर आल्या.”

अण्णाही होते, पांढऱ्या कपड्यात, ताटात नारळ-उदबत्ती घेऊन. का आलात विचारलं नाही. माणसं अमावास्येच्या नारळाला येतात, तशी मी आले असं धरून चालले.

नारळ फुटला. मामांनी मेन स्विच वर केला. डबा सुरू झाला, मेनू आला, तीन सेकंदांनी गेला. मी ‘माहिती’ दाबलं.

ओळ नव्हती.

जागा रिकामी. आधीच्या सूचनांपुढे नुसता पांढरा पडदा.  मामा मागून बघत होते. परवा एकेक अक्षर त्यांनीच वाचलं होतं, त्यांना कशाला सांगावं लागतंय. म्हणाले, “ते बरोबरचं चिन्ह कुठं गेलं?”

अण्णा खोबरं वाटत होते. तिथंच बोलले. ठरवून नाही, तोंडून निघालं. म्हटलं, अण्णा, त्या दिवशी मामा झोपले नव्हते. माझा पडदा थांबला होता. त्यावर अर्धाच दिसत होता, त्यांनी अर्धा लिहिला. घड्याळ दिसलं असतं तर त्यांना कळलं असतं, ते मी बारीक ठेवलंय. आणि दुरुस्त करून गेले म्हटलं, तेही अर्धवट केलं होतं. आज पुन्हा सुरू झाल्यावर ते पुसलं गेलं.

अण्णांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मग विचारलं, आता?

आता नीट केलं. आधी डिस्क उघडली. उघडली हे मामांना दाखवलं, त्यांना कळो न कळो. ओळ लिहिली. डिस्क बंद. मग डबा बंद करून सुरू, ‘माहिती’, ओळ आहे. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. आहे. तिसऱ्यांदा मामांनी स्वतः स्विच टाकला आणि स्वतः वाचलं, पी, आर, ओ. घड्याळही मोठं केलं, खोलीच्या आकड्याएवढं.

ती ओळ काय सांगते, मामांनी विचारलं. गाढ झोपू नको असं सांगते, म्हटलं.

मामा जाळीवरचं पाणी निथळताना बघत राहिले. मग अण्णांकडे न बघता म्हणाले, “म्हंजे झोपला व्हता तो. आन बोल लागला मला.”

कोणी हसलं नाही. अण्णांनी विचारलं, हे लिहून द्याल? तिथंच रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहिलं. दोन तारखेच्या चारही नोंदी ऑपरेटरनं पडदा बघूनच केल्या होत्या, दोष कंट्रोलच्या डब्यात होता. खाली माझं नाव, सही. कंपनीचा शिक्का नव्हता जवळ. असता तरी मारला नसता, तो अधिकार माझा नाही.

अण्णांनी वाचलं. रजिस्टर मिटलं. “बघू,” म्हणाले.

पुन्हा तेच ‘बघू’.

बुध., १८ फेब्रु.

सरांना सकाळीच सांगितलं, दुसऱ्याकडून कळण्याआधी. ओरडतील वाटलं होतं. ओरडले नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाले, बाकीच्या पाच ठिकाणी कोण जाणार? मी जाते, म्हटलं. म्हणाले, सोमवारी बसू, मोठे साहेबही असतील.

जागेवर येऊन पाच डब्यांची यादी केली. दोन ओझरला, एक दिंडोरीला, दोन निफाडकडे. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी दर तासाला पडदा बघून सही करत असेल.

गुरु., १९ फेब्रु.

प्रकाश म्हणतो, चांगलं केलंस. मलाही वाटतं चांगलं केलं. मग तरी सुटल्यासारखं का वाटत नाही?

कारण ओळ डिस्कवर आहे एवढंच आता नक्की. त्या ओळीनं डबा अडकायचा थांबेल का, हे अजून माझ्यासकट कोणालाच माहीत नाही. दोन महिने न अडकता काढले होते त्यानं. आता दोन महिने वाट बघायची. तोवर द्राक्षं संपलेली असतील.

शुक्र., २० फेब्रु.

दुपारी डब्याच्या चाचणीत होते तेव्हा दौ.मामांचा फोन. काय झालं, मीच आधी विचारलं. पण आवाज नेहमीचा होता.

अण्णांनी नवं रजिस्टर आणलंय. आता दोन रकाने, एक पडद्याचा, एक काचेचा. सहीचा रकाना मात्र एकच आणि तो छापखान्यानं पडद्याच्या रकान्याला चिकटून छापलाय. त्यांच्या नोकरीबद्दल अण्णा काही बोललेत का, मी विचारलं. नाही बोलले. मागच्या पानावरचं माझं पत्र फाडून नेलंय, पाकिटात घातलंय, एवढं मामांनी पाहिलं. कोणाला दाखवायला की ठेवून द्यायला, ते माहीत नाही.

मग ज्यासाठी फोन केला होता ते.

“ताई, पडदा अर्धा म्हनतो. काच बी अर्धाच म्हनती. घड्याळ चालू हाय, मी बघितलं. तुमी म्हनाल तसं करतो. सही पडद्याफुडं करू का काचंफुडं?”

मागे कॉम्प्रेसर चालू असल्याचा आवाज येत होता. भिंतीवर माझ्याच अक्षरातला कागद, पहिला टप्पा लाल शाईनं अधोरेखित केलेला.

म्हटलं, मामा, दहा मिनिटांत सांगते. पडद्यापुढे म्हटलं आणि तो पुन्हा थांबला तर बोल मामांनाच; काचेपुढे म्हटलं तर माझ्याच डब्यावर माझा विश्वास नाही असं लिहून दिल्यासारखं.

आता साडेसहा वाजलेत. तीनच्या, चारच्या, पाचच्या, सहाच्या नोंदी झाल्या असतील. त्यांचा परत फोन आला नाही, मीही केला नाही.